‘दादा, सेटिंग पाठवा ना’: नवा कॅमेरा, पक्षी आणि ऑटोफोकस

नोव्हेंबर लागला की नाथसागराच्या फुगवट्यावर चक्रवाक, तलवार बदक, पट्टकादंब उतरायला लागतात आणि संभाजीनगर, जालना, बीडकडच्या कॅमेरेवाल्यांच्या गाड्या पैठणच्या रस्त्याला लागतात. याच सुमारास फोनवर एक मेसेज ठरलेला. कुणीतरी दिवाळीत नवा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतलेला असतो, सोबत सहाशे मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स असते आणि मागणी एकच: ‘दादा, तुमची ऑटोफोकसची सेटिंग पाठवा ना.’

पाठवायला दोन मिनिटं लागतात. पण ती लावून समोरच्याचं भलं होईलच असं नाही. सोनीच्या कॅमेऱ्यात ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटीची पट्टी १ ते ५ अशी असते. १ म्हणजे धरलेला पक्षी सोडू नको, ५ म्हणजे नवं काही दिसलं की लगेच तिकडे जा. निकॉनमध्येही १ ते ५ चीच पट्टी आहे, पण बरोबर उलटी: तिथे १ म्हणजे लगेच जा आणि ५ म्हणजे थांब. कॅननमध्ये हेच काम उणे २ ते अधिक २ मध्ये चालतं. आता सोनीवाल्याने सांगितलेला ‘१’ निकॉनवाल्याने इमानदारीने लावला, तर त्याचा कॅमेरा प्रत्येक काडीकडे आणि प्रत्येक लाटेकडे धावत सुटणार. मग तो म्हणणार, कॅमेराच बेकार निघाला.

म्हणून आकडे मागण्याआधी कॅमेरा आपल्याला काय विचारतोय ते समजून घ्यावं. मेनू कितीही पानांचा असो, ऑटोफोकसचे प्रश्न मुळात तीनच आहेत. फोकस एकदा लावून थांबू, की लावतच राहू? चौकटीत नेमकं कुठे बघू? आणि मध्ये काही आडवं आलं तर किती वेळ दम धरू? जे गाइड या तीन प्रश्नांवर बोलतं ते कामाचं. जे नुसती आकड्यांची यादी देतं, ते त्या माणसाच्या कॅमेऱ्यापुरतं खरं.

कॅमेऱ्याला फोकस कळतो कसा

मिररलेसमध्ये फोटो घेणारा सेन्सरच फोकस मोजतो. लेन्सच्या डाव्या बाजूने आलेला प्रकाश आणि उजव्या बाजूने आलेला प्रकाश तो वेगवेगळा वाचतो. कॅननच्या ड्युअल पिक्सेल पद्धतीत, जी २०१३ च्या ७०डी या मॉडेलपासून आली, पिक्सेलचेच दोन भाग केलेले असतात. सोनी आणि निकॉनमध्ये ठरावीक पिक्सेल या कामाला लावलेले असतात. दोन्ही बाजूंची चित्रं एकमेकांवर नीट बसली की फोकस लागला. बसली नाहीत, तर ती कुठल्या बाजूला आणि किती सरकली आहेत यावरून लेन्स पुढे न्यायची की मागे, हे कॅमेऱ्याला लगेच कळतं.

ही तुलना डाव्या-उजव्याची आहे, आणि इथेच एक मेख आहे. उभी रेषा बाजूला सरकली तर फरक दिसतो. आडवी रेषा मात्र डावीकडे सरकवा नाहीतर उजवीकडे, तशीच दिसते. कॅमेऱ्याला मोजायला काही सापडतच नाही. आता आपल्याकडे निम्मे पक्षी भेटतात कुठे? रस्त्याकडेच्या विजेच्या तारेवर. वेडा राघू, कोतवाल, नीलपंख, खंड्या सगळे तिथेच. फोकसचा चौकोन पक्ष्यावरून जरा घसरून नुसत्या तारेवर गेला की लेन्स पुढेमागे शोधत बसते आणि तेवढ्यात राघू माशी पकडून परतसुद्धा येतो. अशा वेळी कॅमेरा थोडा तिरका धरून बघा, तार चौकटीत तिरपी झाली की बहुतेक वेळा फोकस लागतो. ओएम सिस्टमचा ओएम-१ (२०२२) आणि कॅननचा आर१ (२०२४) आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी मोजतात, त्यांना ही अडचण कमी. पण आर१ ची किंमत ऐकून मी विषय बदलतो.

पक्ष्याचा डोळा ओळखणं हा याच्या वरचा वेगळा मजला आहे. कॅमेऱ्यातल्या प्रोसेसरला असंख्य चित्रांवरून पक्ष्याचं अंग, डोकं, डोळा ओळखायला शिकवलेलं असतं. हा भाग अंतर मोजत नाही, फक्त ‘इथे बघ’ म्हणून सांगतो. त्यामुळे पक्षी पार धूसर असेल तर तो ओळखूच येत नाही, आणि ओळखू आला नाही तर कॅमेरा तिकडे बघतही नाही. नवशिक्यांची निम्मी रड याच्यातच आहे. लेन्स शेवटच्या वेळी चार मीटरवरच्या वेलीवर लावलेली असते, तशीच वर आकाशात उचलली जाते, कापशी घार म्हणजे नुसता पांढुरका धब्बा दिसतो आणि चौकटीत कसलाच चौकोन उमटत नाही. उपाय अगदी साधा आहे. घार ज्या अंतरावर येईल असं वाटतं, तेवढ्या अंतरावरच्या बाभळीवर किंवा बांधावर आधी फोकस लावून ठेवायचा. बऱ्याच मोठ्या लेन्सवर फोकसची हद्द ठरवणारं बटणही असतं. सोनीच्या २००-६०० वर १० मीटरच्या पुढेच शोध, निकॉनच्या १८०-६०० वर ६ मीटरच्या पुढेच, असा पर्याय मिळतो. धरणाच्या काठावर उभे असाल तर ते बटण पहिल्यांदा बघा. पक्षी पायाशी आला की मात्र ते परत फिरवायला लागतं.

एकदा की सतत

हा प्रश्न लवकर मिटतो. कॅननमध्ये सर्वो, बाकीच्यांत एएफ-सी, म्हणजे सतत फोकस. पक्ष्यांसाठी तोच ठेवा आणि विसरून जा. बसलेल्या पक्ष्यालाही तोच, कारण फांदी वाऱ्याने हलते, पक्षी मान फिरवतो आणि जड लेन्स धरून तुम्ही स्वतः पुढेमागे डुलत असता. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटरची लेन्स, तिचं छिद्र एफ ६.३ आणि पक्षी १० मीटरवर असा हिशोब केला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १० सेंटिमीटरचा भरतो. तुम्ही नुसता श्वास घेतला तरी त्यातला थोडा खर्च होतो.

कुठे बघू

खरा अभ्यास इथे आहे. सध्याचे कॅमेरे म्हणतात, सगळी चौकट माझ्यावर सोड, मी डोळा शोधतो. मोकळ्या आकाशात, शांत पाण्यावर किंवा नांगरून मोकळ्या पडलेल्या रानात हे त्यांना सोडून द्यावं, ते आपल्यापेक्षा चांगलं करतात. नदी सुरय पाण्यावरून वळत येतोय आणि मागे दूरवर फक्त पाणी आहे, तर पूर्ण चौकट अधिक पक्षी-ओळख, झालं. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत यासाठी ‘ॲनिमल्स’ निवडायचं, पक्षी त्यातच येतात. सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांत पक्ष्यांचा पर्याय वेगळा असतो.

आता सलीम अली सरोवराच्या काठावर या. पाण्यात बेशरमीची झुडपं माजलेली, मध्ये पाणकणीस, आणि त्यात आत कुठेतरी राखी बगळा एका पायावर. झुडपाची कड उन्हात चमकतेय, बगळा सावलीत आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) पांढरा चौकोन एकदा बगळ्याच्या डोक्यावर बसतो, मग एक पान वाऱ्याने हललं की त्या पानावर उडी मारतो, मग परत येतो. दहा फोटो काढलेत तर चारात बेशरमीच्या पानाच्या शिरासुद्धा मोजता येतात आणि बगळा धुक्यात. इथे पूर्ण चौकटीचा मोह सोडा आणि सर्वात लहान पॉइंट, म्हणजे फोकसचा सर्वात बारीक चौकोन, घ्या. तो डोळ्यावर बसवण्याचा हट्ट नको, कारण डोक्यासमोर काडी असेल तर कॅमेरा काडीच धरेल. मानेचा किंवा छातीचा जो भाग मोकळा दिसतोय त्यावर लावा. बगळा आडवा उभा असेल तर मान आणि डोळा जवळपास एकाच अंतरावर असतात.

या दोन टोकांच्या मधला मार्ग म्हणजे झोन, चौकटीचा एक तुकडा. मला तो सर्वात जास्त आवडतो आणि गाइडवाले त्याच्याकडे सर्वात कमी लक्ष देतात. ज्वारीच्या कणसांवरून दलदली भोवत्या खाली उतरून चाललाय, खालच्या अर्ध्या चौकटीत कणसंच कणसं आहेत. झोन वरच्या भागात ठेवला की कॅमेऱ्याच्या नजरेतून पीकच बाद होतं. निकॉनच्या नव्या कॅमेऱ्यांत या तुकड्याची लांबी-रुंदी आपल्याला हवी तशी ठरवता येते. आडवा लांबट तुकडा करून बघा, काठाने उडणाऱ्या पक्ष्यांसाठी फार सोयीचा पडतो.

जुना डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) सेकंडहँड घेतला असेल तर हे सगळं प्रकरण फार आटोपशीर आहे. व्ह्यूफाइंडरमधून पक्ष्याचा डोळा ओळखणं तिथे नाही. सतत फोकस, मधला पॉइंट आणि त्याला आजूबाजूच्या पॉइंटची मदत, एवढ्यावर लोकांनी वर्षानुवर्षं उत्तम फोटो काढलेत.

किती दम धरू

सुरुवातीला जी उलटसुलट पट्टी सांगितली ती या प्रश्नाची. जत्रेत पोराचा हात धरून चाललेला बाप मध्ये कुणी आडवं घुसलं तरी हात सोडत नाही. तो घट्ट हात म्हणजे ‘लॉक्ड ऑन’ टोक. करकोच्यांचा थवा झाडांमागून चाललाय, मध्ये मध्ये फांद्या येतात, तर हात घट्ट हवा. उलट, आपण चुकून मागच्या डोंगरावर फोकस लावून बसलो आणि पुढून पक्षी आला, तर घट्ट हाताचा तोटाच होतो, कॅमेरा डोंगर सोडायला तयार होत नाही.

कॅननच्या अनेक मॉडेलांत हे आकडे सरळ न देता ‘केस’ करून दिलेत. केस १ सर्वसाधारण, केस २ अडथळ्यांकडे दुर्लक्ष करणारी, केस ३ अचानक आत शिरलेल्याकडे लगेच वळणारी, केस ४ वेग एकदम कमी-जास्त करणाऱ्यांसाठी. पक्ष्यांसाठी केस ४ चांगली की केस २, यावर लोक तासन् तास भांडतात. माझं मत विचाराल तर पहिला महिना मधल्या आकड्यावर किंवा ऑटोवर राहा. कॅमेरा नेमका कधी फसतो हे डोळ्याने दिसलं, की मग एकच घर इकडे नाहीतर तिकडे सरकवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

बटणं

वरचं सगळं मेनूत जाऊन बदलायचं म्हटलं तर पक्षी तोवर गोदावरी ओलांडून जाईल. म्हणून फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणाला द्यावं. शटरने फक्त फोटो, अंगठ्याने फक्त फोकस. पहिले काही दिवस अंगठा विसरतो, मग सवय होते. याच्या शेजारच्या दुसऱ्या बटणाला लहान पॉइंट नेमून द्या. म्हणजे एक बटण दाबलं की पूर्ण चौकट आणि डोळा, दुसरं दाबलं की एकच बारीक पॉइंट. बेशरमीतला बगळा उडाला तर अंगठा एक सेंटिमीटर सरकवायचा, बस. तुमच्या मॉडेलमध्ये हे नेमकं कुठल्या पानावर आहे, हे सांगणं गाइडचं खरं काम.

जाता जाता, फोकस लागल्याचा बीप बंद करा आणि अंधारात फोकससाठी पेटणारा दिवाही. माळावर बसलेल्या धाविकाला दोन्हीची गरज नाही.

गाइड कोणतं

सगळ्यात आधी कंपनीचं मॅन्युअल. कंटाळवाणं असतं, मान्य. पण कोणता पर्याय कोणत्या मोडमध्ये मिळतो आणि कधी करडा होऊन बंद पडतो, हे बहुधा तिथेच सापडतं. सगळं वाचू नका, ऑटोफोकसचा भाग फोनवर उतरवून घ्या. कॅनन आणि निकॉनने त्यांच्या वरच्या काही कॅमेऱ्यांसाठी फक्त ऑटोफोकसच्या वेगळ्या पुस्तिकाही काढल्यात. तुमच्या मॉडेलची असेल तर विकतचं गाइड घ्यायच्या आधी ती बघा, फुकट आहे.

त्यानंतर एखाद्या पक्षी-फोटोग्राफरचं गाइड किंवा व्हिडिओमालिका. एकच. तीन घेतलीत तर तिघांचे आकडे मिसळून कुणाचंच काम होत नाही. निवडताना मी पहिल्यांदा तारीख आणि फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) बघतो. निकॉनचा झेड ८ २०२३ मध्ये आला, पण पक्ष्यांची वेगळी ओळख त्याला फेब्रुवारी २०२४ च्या फर्मवेअरने मिळाली. त्याआधीचं गाइड तुम्हाला प्राण्यांचा पर्याय लावायला सांगेल, आणि ते लिहिणाऱ्याची त्यात काही चूक नाही. दुसरं, मॉडेल तंतोतंत तेच हवं. एकाच कंपनीच्या दोन कॅमेऱ्यांत नावं सारखी आणि वागणं वेगळं असं सर्रास असतं.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: तो माणूस फसलेले फोटो दाखवतो का? प्रत्येक फोटो टाचणीसारखा टोकदार, असं दाखवणारा कॅमेरा विकतोय, शिकवत नाही. ‘इथे डोळ्याची ओळख मागच्या गवतावर गेली, म्हणून मी हे केलं’ असं म्हणणाऱ्याकडे बसा. त्याचं रान तुमच्या रानासारखं असेल तर सोन्याहून पिवळं. बर्फावरच्या गरुडावर बेतलेली सेटिंग आपल्या तुरीच्या रानात, मातकट पार्श्वभूमीवरच्या मातकट चंडोलावर तशीच चालेल याची खात्री नाही, कारण तिथे पक्षी मागच्यापेक्षा उठून दिसतो आणि इथे मिसळून जातो.

काही जण तयार सेटिंगची फाइलच विकतात, कार्डवरून थेट कॅमेऱ्यात भरायची. ती बहुतेक वेळा नेमक्या त्याच मॉडेलवर चालते, आणि भरली की तुमची आधीची बटणंही पुसते. घ्यायचीच असेल तर आधी स्वतःची सेटिंग कार्डवर सेव्ह करा.

मेनूच्या भाषेबद्दल एक: निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत मेनूसाठी मराठीही निवडता येते. छान वाटतं. पण शिकत असेपर्यंत इंग्रजी ठेवा, नाहीतर गाइडमधलं पान आणि समोरचं पान जुळवताना घाम फुटेल.

ऑटोफोकसवर फुकटचा आळ

फोटो धूसर आला की लोक आधी ऑटोफोकसच्या मेनूत शिरतात. तिथे जाण्याआधी फोटो मोठा करून बघा. पक्षी धूसर आणि त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत स्पष्ट, तर फोकस खरंच चुकलाय. अंग आणि डोळा स्पष्ट, पंख पुसलेले, तर शटरचा वेग कमी पडला. ताशी ३६ किलोमीटरने उडणारा पक्षी १/५०० सेकंदात २ सेंटिमीटर पुढे जातो, १/२५०० मध्ये फक्त ४ मिलिमीटर. पंखांची टोकं तर अंगापेक्षा वेगाने हलतात. उडत्या पक्ष्यांना १/२००० च्या खाली येऊ नका, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटोवर सोडा आणि फोटोत वाढलेल्या दाण्यांची फार फिकीर करू नका.

आणि चौकटीत काहीच स्पष्ट नाही, सगळ्या कडा वितळल्यासारख्या? मग तो आपल्या हवेचा प्रताप. मराठवाड्यात हे सगळ्यात जास्त छळतं आणि बाहेरची गाइडं यावर एखादं वाक्य टाकून पुढे जातात. काळी जमीन ऊन पटकन पिते, तिच्यावरची हवा तापून वर उठते, आणि गरम-गार हवेच्या थरांतून येणारा प्रकाश वाकडातिकडा होत येतो. एप्रिल-मे सोडाच, ऐन जानेवारीतही ऊन चढलं की नाथसागराच्या काठच्या उघड्या गाळावरून लाटा उठताना व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतात. दूरवर रोहितांची रांग उभी असते, हिरवा चौकोन ऐटीत त्यांच्यावर बसलेला असतो आणि घरी येऊन बघावं तर पाय शेवयांसारखे. यावर कोणतीही केस, कोणताही आकडा चालत नाही. महागडी लेन्सही नाही. उजाडता पोहोचायचं आणि ऊन तापायच्या आत काम उरकायचं, किंवा पक्ष्याला न उठवता अंतर कमी करता आलं तर करायचं. गाडीतून फोटो काढत असाल तर काच आधीच खाली करून ठेवा. आतली कोंडलेली हवा आणि बाहेरची थंडी खिडकीतच भेटतात आणि तिथेही हाच खेळ होतो. लेन्सवर स्वस्तातला फिल्टर असेल तर तोही एकदा काढून बघा.

सराव

नाथसागरावर पहिल्यांदाच जाऊन तिथे बटणं शोधू नका. पेरणीआधी रानात ट्रॅक्टर चालू असला की मागे गाय बगळ्यांची रांग असते. उडतात, बसतात, एकमेकांच्या पुढे घुसतात, माणसाला फारसे बिचकत नाहीत. एक बगळा निवडायचा आणि दुसरे आडवे आले तरी तोच धरून ठेवायचा. तिसऱ्या, किती दम धरू या प्रश्नाचा याहून चांगला सराव पैसे देऊन मिळणार नाही. पांढरा बगळा काळ्या रानावर असल्यामुळे एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडं उणे ठेवा, नाहीतर पिसं जळतात. गावात असाल तर मटण मार्केटवरच्या घारी आहेतच, आणि त्या टिटवीपेक्षा परवडल्या. टिटवी तुम्हाला आधी बघते आणि सगळ्या माळाला सांगते.

घट्ट आणि सैल, दोन्ही टोकांवर थोडे-थोडे फोटो काढा, संगणकावर शेजारी ठेवा आणि कुठल्या बाजूला जास्त डोळे स्पष्ट आलेत ते मोजा. जे जमलं त्या मेनूच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फर्मवेअर अपडेट करायच्या आधी तर नक्कीच, कारण अपडेटनंतर काही वेळा पर्यायांची नावं आणि जागा दोन्ही बदललेल्या असतात.